कशावरून?

(दिंडीच्या शतकोत्सवाच्या सांगतेला केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं, मागून थोडं नीटनेटकं केलं.)



 

मंडळींनी आम्हाला सांगितलं, बुवा, तुम्ही शिक्षणावर बोला. आम्हाला हसू आलं. आमचं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं अन् १९७२ चा दुष्काळ पडला. दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. माय-बापाबरोबर खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पुढं पाऊस पडला, रानं पिकली, पण शाळा राहून गेली. मग आम्ही शिक्षणावर काय बोलावं?

रात्रभर विचार केला. ध्यानात आलं की शाळा सुटली तरी शिकणं काही सुटलं नाही. शिकणं सुटलं नाही तशा चुकाही सुटल्या नाहीत. त्यातली एक चूक फार मोठी. ती आम्ही आजवर व्यासपीठावरून बोललो नाही. आज बोलणार आहोत. पण तिच्यापर्यंत जायला थोडी वाट चालावी लागंल.

आपली दिंडी निघाली तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. सरकारी कागद उर्दूत. आपली जुनी माणसं आपल्याच रानाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. तो वाचणारा जे सांगंल ते खरं. बार्शीला पोचलं की मोगलाई संपायची अन् इंग्रजांचा मुलूख लागायचा, तिथले कागद वेगळे, नाणं वेगळं. १७ सप्टेंबर १९४८ ला हा मुलूख मोकळा झाला, त्यानंतर हळूहळू गावोगावी शाळा आल्या. त्याआधी आपल्या दिंडीत अक्षर ओळखणारी माणसं दोन-तीन. पण मोठी माणसं सांगायची, अहमदपूरच्या मुक्कामाला एक जण पोथी वाचायचा अन् बाकीचे नुसते माना हलवायचे नाहीत. मधेच कुणी म्हणायचा, "थांब. याचा अर्थ काय? हे कालच्याशी कसं जुळतं?" अक्षरशत्रू माणसं, पण विचारायला भीत नव्हती. आज आपल्यात पदवीधर आहेत, मास्तर आहेत, पोरी कॉलेजात जातात, अन् कीर्तनात सगळे गप बसतात. हे का झालं, त्याचा विचार करू.

आम्ही शिकलो ते याच दिंडीच्या तेव्हाच्या विणेकऱ्यांपाशी. ते म्हणायचे, "आधी पाठ कर, कळायचं तेव्हा कळंल." बैलामागं चालता चालता आम्ही हरिपाठ पाठ केला, वखर धरून गाथ्यातले अभंग पाठ केले. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, त्यातल्या बऱ्याच तोंडात बसल्या. त्या पाठांतराला आम्ही कधी नाव ठेवणार नाही. तोंडात काहीच नसंल तर माणूस विचार कशाचा करणार? रिकाम्या कणगीत काय पाखडायचं?

पण पाठ असणं अन् कळणं यात अंतर आहे, हे आम्हाला घरातच समजलं. आमची नात सातवीत. एके दिवशी ओसरीवर बसून प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा म्हणत होती. एक शब्द चुकंना. आम्ही म्हणलं, "बाई, आपल्या धुऱ्यावरच्या लिंबाखाली सोयाबीन का येत नाही? आलंच तर सुतळीसारखं बारीक वाढतं अन् शेंग धरत नाही. का?" ती गप झाली. म्हणली, "आबा, हे पुस्तकात नाही." म्हणलं, "अगं, तू आत्ता जे म्हणलीस तेच आहे ते. सावलीत ऊन नाही, ऊन नाही म्हणून पानाला अन्न करता येत नाही." तिचे डोळे मोठे झाले. व्याख्या अन् लिंबाखालचं रान पहिल्यांदा एका जागी आलं.

आम्ही जिंकल्यासारखं बसलो होतो. पण लेकरू हुशार. दुसऱ्या दिवशी काकड्याला आम्ही एक ओवी म्हणत होतो, तर म्हणली, "आबा, ह्या शब्दाचा अर्थ काय?" तो शब्द आम्ही चाळीस वर्षं म्हणत आलो. चालीवर म्हणत आलो, लोकांना रडवत आलो. अर्थ सांगता आला नाही. तिच्या व्याख्येत अन् आमच्या ओवीत फरक काय मग? दोघांचंही पाठ होतं, दोघांनाही कळलेलं नव्हतं. त्या दिवशी आजा-नात एका वर्गात बसलो.

आता कीर्तनाकडं या. वारकरी कीर्तनात कीर्तनकार काही बोलला की त्याला प्रमाण द्यावं लागतं. आपल्या बोलण्याला आधार म्हणून संतांचा अभंग, ओवी पुढं करायची, अन् मागचे टाळकरी ती उचलून धरतात. ही फार मोठी शिस्त आहे. तुझ्या मनचं सांगू नको, आधार दाखव. पंडित मंडळींच्या शास्त्रातही प्रमाणं सांगितली आहेत. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, हातानं चाचपलं ते प्रत्यक्ष. धूर दिसला म्हणून विस्तव असणार असं ताडलं ते अनुमान. अन् जाणत्या, खोटं न बोलणाऱ्या माणसानं सांगितलं ते शब्द. त्या माणसाला आप्त म्हणतात. आप्त म्हणजे इथं सोयरा नव्हे. ज्याला ते ठाऊक आहे अन् खोटं सांगण्यात ज्याचा स्वार्थ नाही, तो आप्त. आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बहुतेक असं शब्दावरूनच आलेलं असतं. दिल्ली आम्ही पाहिली नाही, तरी दिल्ली आहे हे ठाऊक आहे. शब्दावर विश्वास ठेवणं हा काही अडाणीपणा नव्हे. मात्र शब्द देणाऱ्यानं तो खरा द्यावा लागतो. तिथंच आमचं चुकलं.

आमचं वय तेव्हा अठ्ठावीस-तीस. कीर्तनाला नुकतं नाव होऊ लागलं होतं. पावसाळ्यात एका गावच्या सप्ताहात नामाचा महिमा सांगत होतो. दुसऱ्या एका बुवांच्या तोंडून ऐकलेला दृष्टांत घेतला. एका माणसाला पान लागलं, त्याला मंदिरात आणून निजवलं, रात्रभर भजन केलं, अन् पहाटे विष उतरून तो उठून बसला. हे ऐकलेलं होतं. पण ऐकलेलं म्हणून सांगितलं तर सभा डोलत नाही. म्हणून आम्ही म्हणलं, "ही आमच्या समोरची गोष्ट आहे माउली, आम्ही या डोळ्यांनी पाहिली." सभा डोलली. टाळ्या पडल्या. आम्हाला बरं वाटलं.

त्याच पावसाळ्यात त्या गावच्या एका माणसाच्या दहा वर्षांच्या पोराला रात्री खाली निजलेला असताना साप चावला. मण्यार असावी. मण्यारीचं असंच असतं, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसंल न दिसंल. बापानं पोराला उचललं अन् मंदिरात नेलं. रात्रभर भजन केलं. पोराचं पोट दुखू लागलं, पापण्या मिटू लागल्या, लोकांना वाटलं झोप येतीय. पहाटे श्वास अडकू लागला तेव्हा गाडी जुंपली. पोरगं वाटेतच गेलं.

आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही देवाची इच्छा म्हणून गप बसलो. मनाला हेच सांगितलं.

दोन वर्षांनी तो माणूस आपल्या दिंडीत आला. मुरूडच्या मुक्कामाला रात्री आमच्याजवळ येऊन बसला. आम्हाला वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तो हात जोडून म्हणला, "महाराज, एक विचारायचं व्हतं. तुमी पाह्यला ना तो माणूस? कोण्या गावचा व्हता? मला त्याला भेटायचंय. त्यायनं कसं भजन केलं ते इचारायचंय. माझं कुठं चुकलं ते कळंना."

माउली, आम्ही गावाचं नाव काय सांगणार? गाव नव्हतंच. त्या बापाला वाटत होतं की त्याच्या भजनात कमी पडलं म्हणून लेकरू गेलं. दोन वर्षं तो हे पोटात घेऊन फिरत होता, अन् ते आम्ही त्याच्या पोटात घातलं होतं.

त्या रात्री आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या वाटेला त्याच्या बाजूनं चाललो अन् सांगितलं, "आम्ही पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं. तुमचं काही चुकलं नाही, आमचं चुकलं." तो बराच वेळ नुसता चालत राहिला. मग म्हणला, "मंग तव्हाच तसं म्हणायचं ना, महाराज." एवढंच. टाळ वाजवत पंढरपूरपर्यंत आला. पुढं बरीच वर्षं आला. आता तो नाही. त्याचं नाव आम्ही घेणार नाही, पण आज शंभर वर्षांच्या या सोहळ्यात त्याची क्षमा मागितल्याशिवाय आम्हाला शिक्षणावर एक शब्द बोलायचा अधिकार नाही.

पुढं आम्ही डॉक्टर लोकांना विचारत गेलो. आपल्याकडं जे साप निघतात त्यातले बहुतेक बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं, माणसाचा जीव घेणारे मुख्य हे चार. अन् विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. मग बिनविषारी चावलेल्या माणसाला मंदिरात नेलं, मांत्रिकाकडं नेलं, का नुसतं घरी बसवलं, तो वाचणारच. त्याची गोष्ट कीर्तनात येते. जो गेला त्याचा दृष्टांत कोण सांगतो? आमच्याकडं फक्त वाचलेल्यांच्या गोष्टी जमा होत होत्या. गेलेल्यांची मोजदाद नव्हती. पारख करायची तर दोन्ही बाजू मोजाव्या लागतात, हे शहाणपण आम्हाला एका लेकराच्या जिवावर आलं.

तेव्हापासून आम्ही बोलण्याच्या तीन राशी केल्या. एक पाहिलेलं, एक ऐकलेलं, एक वाचलेलं. कीर्तनात बोलताना कोणत्या राशीतलं आहे ते सांगतो. "हे आम्ही ऐकलेलं आहे बरं का," असं म्हणतो. सभा थोडी कमी डोलते. डोलू द्या कमी. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. आम्हाला वाटायचं, पहिलं लक्षण असंल पुष्कळ ठाऊक असणं. तसं नाही. पहिलं अमानित्व, दुसरं अदंभित्व. मोठेपणा नको अन् ढोंग नको. नसलेलं दाखवणं म्हणजे दंभ. "आम्ही डोळ्यांनी पाहिलं," हा आमचा दंभ होता. तो अध्याय आम्ही त्याआधी कितीदा तरी वाचला होता. पाठ होता. कळला त्या बार्शीच्या वाटेवर.

अन् दर पावसाळ्यात आम्ही कीर्तनात सांगतो. पान लागलं तर पळू नका, कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला शांत ठेवा, हात-पाय हलू देऊ नका, अन् थेट सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिविषाची लस तिथं असते. नाम घ्यायचं तर जरूर घ्या, पण गाडीत बसून घ्या.

२१ सप्टेंबर १९९५. आठवतं का? गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. आपल्याकडंही लागल्या. लोक आम्हाला म्हणले, "बुवा, तुम्ही सांगा, खरं का?" आम्ही म्हणलं, आपण पाहू. एक चमचा घेतला, गावातल्या पितळी तांब्याच्या काठाला तसाच टेकवून धरला. तांब्यानंही दूध ओढलं. मग जात्याच्या दगडाला लावला. जात्यानंही ओढलं, अन् खाली पाहतो तर दूध ओघळून गेलेलं. भरलेल्या चमच्यातलं दूध कशालाही टेकलं की त्याच्या अंगाला चिकटून खाली उतरतं. एक म्हातारी रागावली, "तुमी देवाची परीक्षा घेता!" म्हणलं, "नाही माय, आम्ही चमच्याची परीक्षा घेतो. देवाला आपण सोळा आणे मानतो, म्हणून त्याच्या नावावर काही खपू द्यायचं नाही." ती पुटपुटत गेली. पण दुसऱ्या दिवशी उरलेलं दूध नातवंडांना पाजलं म्हणून तिनंच सांगितलं.

माउली, असं पारखून पाहणं आपल्याला नवीन आहे का? आपण शेतकरी माणसं. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत बैल घ्यायला जातो. विकणारा म्हणतो, चार दाती आहे. आपण म्हणतो का, बरं आहे, हे घ्या पैसे? तोंड उघडून दात पाहतो. चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, जमलं तर जुंपून पाहतो. लाल कंधारी म्हणून सांगितलं तर रंग पाहतो, शिंग पाहतो, कान पाहतो. सोयाबीनचं बी घरचं असू दे का पिशवीतलं, पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजतो. सत्तर उगवले तर पेरायचं. साठच उगवले तर बी वाढवायचं. फारच कमी आले तर ते बी बाजूला. पिशवीवर काय छापलंय यापेक्षा गोणपाटात काय उगवलं याला आपण मान देतो. बियाण्याला अन् बैलाला "कशावरून?" विचारणारे आपण, मोबाईलवर आलेल्या गोष्टीला मात्र काहीच न विचारता पुढं ढकलतो. तिला दात नसतात का पाहायला?

काही जण म्हणतील, बुवा, परमार्थात शंका नको, श्रद्धा पाहिजे. त्यांना आम्ही आपल्याच घरातली तीन उदाहरणं देतो.

पहिलं, गीतेचं. गुरूकडून ज्ञान कसं घ्यावं हे चौथ्या अध्यायात सांगितलंय. नमस्कार करावा, सेवा करावी, अन् या दोन्हींच्या मधोमध आहे परिप्रश्न. सगळ्या बाजूंनी विचारावं. अन् अठरा अध्याय सांगून झाल्यावर शेवटी देव अर्जुनाला काय म्हणतो? हे सगळं नीट विचारात घे, मग तुला वाटंल तसं कर. प्रत्यक्ष देव सांगतोय अन् तो म्हणतो, विचार कर. मग आम्ही कीर्तनकार कोण लागून गेलो?

दुसरं, माउलींचं. ज्ञानेश्वरीनंतर त्यांनी अमृतानुभव सांगितला. त्यात शब्दखंडन आहे, ज्ञानखंडन आहे. शब्दाची धाव कुठवर, आपण ज्याला ज्ञान म्हणतो तेही कुठवर पुरतं, हे तपासलंय. त्यातच अशा अर्थाचं बोलणं आहे की शिवानं सांगितलं किंवा श्रीकृष्णानं सांगितलं एवढ्याच लोभानं आम्ही हे मानत नाही, त्यांनी न सांगितलं तरी ते तसंच आहे. सांगणारा मोठा म्हणून खरं असं नाही, खरं आहे म्हणून मोठ्यानं सांगितलं.

तिसरं, नाथांचं. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली झाली. पुढं तिच्या हातानं नकला होत गेल्या. कुणाचा शब्द चुकला, कुणी ओळ सोडली, कुणी आपल्या पदरची घातली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी पोथ्या समोर घेऊन, पाठ ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, अन् यापुढं कुणी यात आपलं घुसडू नये असं बजावलं. आता विचार करा. नाथांची माउलींवर श्रद्धा कमी होती का? श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी प्रत्येक पोथीला विचारलं, हा शब्द माउलींचाच, कशावरून? ज्याला काही वाटत नाही तो चुकीचा शब्दही चालवून घेतो. अन् नाथांनी नवी ज्ञानेश्वरी लिहायला घेतली नाही, जुनी जाळलीही नाही. निवडली. शंका घ्यायची ती अशी, तांदळातले खडे काढावेत तशी. तांदूळ फेकून द्यायचे नाहीत.

हे दुसरं टोकही सांगायला पाहिजे, कारण आजकाल पोरांना सगळ्यावरच शंका. डॉक्टरवर शंका, मास्तरवर शंका, पण कुणा अनोळखी माणसानं पाठवलेल्या व्हिडिओवर शंका नाही. २०२० ला करोनामुळं पायी वारी थांबली, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षी लस आली तेव्हा आपल्याच दिंडीतली माणसं म्हणली, घ्यायची नाही, काहीबाही होतं. आम्ही विचारलं, कशावरून? म्हणले, मोबाईलवर आलंय. कुणी पाठवलं? ठाऊक नाही. म्हणलं, ज्याचं गाव ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही, तो तुमचा आप्त झाला, अन् तुमच्या बायकोचं बाळंतपण करणारी दवाखान्यातली सिस्टर परकी झाली? आम्हीही काही डॉक्टर नव्हतो. पण कुणी मोजलंय अन् कुणी नुसतं म्हणलंय, हा फरक आम्हाला मुरूडच्या त्या रात्रीनं शिकवला होता. आम्ही लस घेतली अन् घेतली म्हणून सांगितलं.

मोजणारा माणूस कसा असतो ते सांगतो. आपल्याच मराठवाड्यातला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकऱ्याचं लेकरू. डॉक्टर होऊन कोकणात महाडकडं सरकारी नोकरीला गेले. तिथं लाल विंचू चावून लेकरं मरायची. शंभरात तीस-चाळीस दगावायची. लोक मांत्रिकाकडं न्यायचे, अन् दवाखान्यातही नेमका उपाय ठाऊक नव्हता. या माणसानं रात्र-रात्र आजाऱ्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं लिहून ठेवलं. त्यावरून ताडलं की हे विष काळजावर घाला घालतं. मग रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी देऊन पाहिली अन् पुन्हा मोजलं. माणसं वाचू लागली. मरणाचं प्रमाण शंभरात एक-दोनावर आलं. जे पाहिलं ते इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापलं, म्हणजे जगातल्या कुणालाही तपासून पाहता यावं. २०२२ ला सरकारनं पद्मश्री दिली. आता पाहा, प्रत्यक्ष आलं, अनुमान आलं, अन् मग तो शब्द झाला. असा शब्द घ्यायला हरकत नाही, कारण त्याच्या मागं वही आहे.

आता शाळेचं बोलून थांबतो. शेजारच्या लातूरच्या पॅटर्नचं नाव साऱ्या महाराष्ट्रात झालं. नांदेडलाही क्लासच्या गल्ल्या भरल्या. त्यातून गरिबाची लेकरं डॉक्टर झाली, हे आम्ही विसरत नाही. सरावाला आम्ही वाईट म्हणत नाही, आपल्या मृदंगवाल्याला विचारा सराव काय असतो. पण चार उत्तरांतल्या एकावर खूण करायची सवय लागलेल्या लेकराला रानात, दवाखान्यात, मतदानाला कुणी चार उत्तरं छापून देत नाही. तिथं प्रश्नसुद्धा आपणच शोधायचा असतो. २०२० च्या नव्या शिक्षण धोरणात घोकंपट्टी कमी करा, समज वाढवा, चिकित्सा शिकवा असं लिहिलंय म्हणून मास्तर सांगतात. चांगलंच आहे. पण धोरण कागदावर राहतं, लेकरू घरात राहतं. घरात त्यानं "का?" विचारलं अन् आपण "गप बस, मोठ्यांना उलट बोलतोस?" म्हणलं, तर मास्तर एकटा काय करणार?

आमची या शतकोत्सवात एकच मागणी आहे. नवा सभामंडप व्हायचा तेव्हा होईल. पण या आषाढीपासून प्रत्येक मुक्कामाला कीर्तन झाल्यावर अर्धा तास विचारण्यासाठी ठेवा. अहमदपूरला ठेवा, चाकूरला ठेवा, लातूरला ठेवा. आधी लेकरांनी विचारायचं, मग बायांनी, मग बाप्यांनी. कीर्तनकारानं सांगायचं, हे पाहिलेलं, हे ऐकलेलं, हे वाचलेलं. ठाऊक नसंल तर ठाऊक नाही म्हणायचं, त्यानं कुणाचा वीणा खाली पडत नाही. अन् एक वही ठेवायची. ज्याचं उत्तर आलं नाही तो प्रश्न तिच्यात लिहायचा, पुढच्या वर्षी कुणीतरी शोधून आणायचा. पहिल्या पानावर आमच्या नातीनं विचारलेला तो ओवीतला शब्द लिहा. त्याचा अर्थ आता आम्ही जाणत्यांना विचारून आणलाय. तो पहिल्या मुक्कामाला सांगू. बरोबर आहे का ते तुम्ही तपासा.

तसं पाहिलं तर आपल्या जुन्या माणसांनी अहमदपूरच्या मुक्कामाला हेच केलं होतं. आपण ते मधे कुठंतरी वाटेत विसरून आलो.

बोलण्याच्या शेवटी, चुकलं-माकलं पोटात घाला असं म्हणायची रीत आहे. आम्ही तसं म्हणणार नाही. एकदा एका बापानं आमची चूक दोन वर्षं पोटात घातली होती, ती आम्हाला अजून जड जाते. आमचं काही चुकलं असंल तर इथंच उठून विचारा, बुवा, कशावरून?

रामकृष्ण हरी.